मार्फत खांडवेकर

गुरुवारी दुपारी पोस्टमनने फाटकाच्या सळ्यांतून कार्ड आत सरकवलं आणि तिथूनच विचारलं, "भियाजी, ये नथू साळवे कौन हैं? आपके पते पे आया है." श्रीपाद खांडवेकर व्हरांड्यात एका उघड्या रेडिओपुढे बसला होता. हातातलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न त्याने खाली ठेवलं नाही. "हैं एक," तो म्हणाला. खरं तर 'थे एक' म्हणायला हवं होतं, नथू साळवे जाऊन तीन महिने झाले होते; पण पोस्टमनशी कोण तोंड वाजवणार. पोस्टमन सायकल रेटत पुढच्या घराकडे गेला, आणि मग श्रीपादने उठून कार्ड उचललं. एका बाजूला निळं पाणी, होडी, नारळाची दोन झाडं. दुसऱ्या बाजूला पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटाच्या रेडिओ स्टेशनाचं नाव, तारीख, वेळ, मीटर बँड, आणि खाली कुणीतरी निळ्या शाईने हाताने लिहिलेलं: श्री. नथू एस. साळवे, मार्फत एस. व्ही. खांडवेकर, सुदामा नगर, इंदूर. श्रीपादने ते दोनदा वाचलं. त्याला दुःख झालं नाही की आश्चर्य वाटलं नाही, थेट राग आला. मेलेल्या माणसाचा राग यावा, तोही एवढा की हातातलं सोल्डरिंग पायजम्याला टेकून कापड जळल्याचा वास आला तरी समजू नये, ही गोष्ट त्याला स्वतःलाही जरा जास्तच वाटली. पण आला तर आला. राग येण्याच्या बाबतीत श्रीपाद कधी कुणाची परवानगी घेत बसला नव्हता.

कार्ड म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला हा राग कळायचा नाही. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्या लोकांची एक रीत असते. जगाच्या दुसऱ्या टोकाचं एखादं किरटं स्टेशन खरखरीतून हाती लागलं, की काय ऐकलं, किती वाजता ऐकलं, किती स्पष्ट होतं ते सगळं लिहून त्या स्टेशनाला पाठवायचं. तिथली माणसं आपल्या वहीशी ताडून पाहतात आणि जुळलं तर एक कार्ड पाठवतात, की होय, या माणसाने आम्हाला ऐकलं. कार्डावर त्या माणसाचं नाव असतं. बस, एवढंच. ते विकता येत नाही, त्याने पोट भरत नाही. पण ज्याच्याकडे कार्ड नाही त्याने ऐकलेलं कुणी मानत नाही. श्रीपादकडे तीनशे बारा कार्डं होती, सगळ्यांवर त्याचंच नाव. आर्क्टिकजवळचं होतं, अँडीज डोंगरातलं होतं, आता नकाशावर नाव उरलं नाही अशा देशांची होती. हे बेट मात्र नव्हतं. या बेटासाठी त्याने वीस वर्षं सकाळी साडेपाचला उठून कान आंबवले होते आणि एकदाही, अक्षरशः एकदाही, ते त्याला सापडलं नव्हतं.

आत टीव्हीवर कसली तरी परदेशी मालिका चालू होती, यमुना ती न समजताही बघत होती. केबलची तार मागच्या आठवड्यात त्याच्या एरियलच्या वरून ओढून नेली होती, त्याला विचारलं कुणी नाही. तेव्हापासून एकतीस मीटरवर नुसतं घर्रर्र. या कॉलनीत आता सगळ्यांना सगळं दिसायला हवं होतं, ऐकायचं कुणालाच काही नव्हतं. मिल बंद होऊन सव्वा वर्ष झालं होतं. श्रीपाद तिथे इलेक्ट्रिक खात्यात सुपरवायझर होता, सत्तावीस वर्षं. फाटकाला कुलूप लागलं तेव्हा बाकीचे लोक बाहेर सतरंजी टाकून धरण्यावर बसले. हा गेला नाही. मशीन चालू होत्या तेव्हा कोण काय उपटत होतं ते मला माहिती आहे, असं चारचौघांत म्हणाला, आणि तेव्हापासून मिलचे लोक त्याला बघून रस्ता बदलत. त्यानेही कुणाला हाक मारली नाही. उलट त्याचं काम त्या दिवसांतच वाढलं. लोकांच्या घरांत रंगीत टीव्ही येत होते आणि जुने रेडिओ माळ्यावरून खाली उतरत होते. बडा गणपतीकडच्या एका वैद्यांचा जर्मन सेट त्याने कबाड्याच्या हातगाडीवरून अक्षरशः ओढून काढला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या, म्हणजे जुन्या राजसमाध्यांच्या, मागे एका विधवेकडे बावीस वर्षं न उघडलेलं खोकं होतं. तिच्या जावयाने ते फेकायच्या आत हा पोचला. शहर ज्याला कचरा म्हणत होतं ते हा घरी आणत होता, आणि घरी आणताना प्रत्येक वेळी त्याला असं वाटत होतं की आपण कुणाच्या तरी मुस्कटात ठेवून दिली. असे एकवीस सेट झाले होते. पलंगाखाली, कपाटावर, देवघराच्या शेजारी. लोक म्हणत, खांडवेकरला रेडिओचं वेड आहे. वेड कसलं? त्याला त्या लोकांचा राग होता.

पण ज्या सेटसाठी हे एकवीस त्याने डोळे मिटून देऊन टाकले असते, तो महूला होता, नथू साळवेच्या घरी. लढाईतला अमेरिकन सेट, अठरा व्हॉल्व्हचा, राखाडी पत्र्याचा, एकट्या माणसाला उचलवणार नाही असा. एकोणसत्तर साली महूच्या फौजी डिस्पोजलच्या लिलावात तो निघाला तेव्हा श्रीपाद तिथे होता. बोली चालू असतानाच एका हवालदाराने तो घेतला. सिग्नल्समधला ऑपरेटर होता, साहेब लोक ओळखीचे, काम झालं. श्रीपाद त्या संध्याकाळी पत्ता काढत त्याच्या घरी गेला, भांडायलाच गेला होता म्हणा ना. हवालदाराने त्याला बसवलं, सेट चालू केला, डोळे मिटले आणि डायल फिरवू लागला. खरखर, खरखर, आणि मध्येच थांबून म्हणाला, "इथं आहे कुणीतरी." श्रीपादला काही ऐकू येत नव्हतं. पाच मिनिटांनी त्या खरखरीतून एक बाई बोलताना ऐकू आली, कुठल्या तरी न कळणाऱ्या भाषेत. भाकरी भाजल्याचा वास गल्लीच्या तोंडाशी यावा तसं नथूला स्टेशन यायचं, लांबून, आधी. ही गोष्ट शिकवून येत नाही आणि श्रीपादला ती कधीच आली नाही. त्याच्याकडे घड्याळ होतं, नकाशे होते, सुरेख अक्षर होतं आणि इंग्रजी होतं. नथूकडे कान होते.

मग दर रविवारी हा महूला. नथू ऐकायचा, हा लिहायचा. तिथेच मेजावर बसून स्टेशनाला पत्र लिहायचं, कार्बनखालची नक्कल नथूच्या वहीत ठेवायची, नथूच्या बायकोने, मंजुळेने, केलेल्या खळीने पाकीट चिकटवायचं, आणि सोमवारी हा ते इंदूरच्या मोठ्या पोस्टात टाकणार. सही ह्याची, पत्ता ह्याचा. पहिल्यांदा हे सरळ मनाने ठरलं होतं, ते मात्र खरं. एकाहत्तर साल होतं, लढाई तोंडावर. श्रीपाद म्हणाला होता, "तू फौजी माणूस आहेस, नथू. परदेशी स्टेशनांना तुझ्या नावाने पत्रं जायला लागली तर उद्या चौकशी लागेल." नथूला ते पटलं. श्रीपादलाही पटलं होतं. पण नथू शहात्तर साली रिटायर झाला. त्यानंतरच्या एका रविवारी पाकिटाला खळ लावता लावता तो म्हणाला होता, "साहेब, आता एखादं माझ्या नावानं टाकायचं का?" आणि श्रीपाद काय म्हणाला होता? म्हणाला होता, "अरे, पेन्शन तर फौजेचीच आहे ना." नथू हसला, म्हणाला, "ते पण आहे," आणि पुन्हा कधी त्याने विषय काढला नाही. पंधरा-सोळा वर्षांत एकदाही नाही. आता व्हरांड्यात उभं राहून श्रीपादला ते हसणं आठवलं आणि वाटलं, हा तेव्हाच ओळखून होता. ओळखून होता आणि गप्प बसला. साला गप्प बसून माझ्याकडून घेत राहिला. काय घेत राहिला, ते मात्र त्याला सांगता आलं नसतं.

यमुनेने ते कार्ड संध्याकाळी मेजावर पाहिलं. तिचे डोळे टीव्हीने अधू झाले असं श्रीपाद म्हणायचा, पण वाचायचं ते ती बरोबर वाचायची. "साळव्यांचं आहे हे," ती म्हणाली. "बिचारे. त्यांच्या घरी नेऊन द्यायला पाहिजे."

"जाणारच आहे मी रविवारी."

"ते सेट आणायला म्हणून. मला माहिती आहे ना. तीन महिने मन मारून बसलात, की लगेच गेलो तर बुरं दिसेल." तिने कार्ड उलटून नारळाची झाडं पाहिली. "आधी कार्ड द्या अहो. मग सेटचं बोला."

"तू मला शिकवू नको."

"मी कुठे शिकवते. सांगते फक्त." आणि ती परत टीव्हीपुढे जाऊन बसली. श्रीपादला तिचा इतका तिटकारा आला की त्या रात्री तो जेवला नाही. आधी कार्ड द्या. जसं काही याच्या मनात दुसरं काही होतं. तोपर्यंत नव्हतंच.

रविवारी सकाळी तो सरवटे बस स्टँडवरून महूच्या बसमध्ये बसला. कार्ड शर्टाच्या खिशात होतं, त्याचा कोपरा छातीला लागत होता. राऊपर्यंत दोन्ही बाजूंना नवे बोर्ड उभे राहिले होते, मोटारी, शीतपेयं, फायनान्स कंपन्या, हसणारी माणसं. कशाला हसतात इतके? शेजारच्या सीटवरच्या माणसाने "भिया, टाइम क्या हुआ?" विचारलं, त्याला याने घड्याळ असून सांगितलं नाही. मनात हिशेब चालू होता. नथूने हे स्टेशन कधी पकडलं? कार्डावरची तारीख होती नोव्हेंबरची नऊ. तेव्हा तर तो अंथरुणाला खिळला होता. त्याच्या पुढच्याच रविवारी श्रीपाद शेवटचा त्याच्याकडे गेला होता, पाऊण तास बसला होता. नथूने तोंडातून शब्द काढला नाही. म्हणजे तेव्हा ऐकून झालं होतं, आणि उशाशी बसलेल्या माणसाला पत्ता लागू दिला नाही? एकटा. वीस वर्षं दोघांनी मिळून शोधलेलं बेट त्या माणसाने एकट्याने ऐकलं, आणि सांगितलं त्या बेटाला, मला नाही. आणि पत्ता माझा दिला. का? टोमणा मारायला? की मेल्यावर येऊन पडेल, बघू दे म्हाताऱ्याला, म्हणून? नथू तसा नव्हता, हे त्याला माहीत होतं. पण तसा असता तर फार बरं झालं असतं.

घर तेच होतं, गल्लीतलं, दोन खोल्यांचं. दारासमोरची फरशी ओली होती. मंजुळाबाई साठीच्या झाल्या होत्या. दारात त्याला पाहून त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "या साहेब. आम्ही वाट बघत होतो."

"बातमी उशिरा कळली," श्रीपाद म्हणाला. कळून अडीच महिने झाले होते.

"असू द्या. बसा."

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची तसबीर, आणि त्यांच्याखाली आता नथूचा फोटो, फौजी टोपीतला. फोटोच्या बाजूला वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण चिकटवलेलं होतं, सत्त्याऐंशी सालचं, त्यात श्रीपाद कार्डांचा आल्बम उघडून बसला होता. नथूने ते कधी चिकटवलं असेल? श्रीपादने त्याला पाहायला म्हणून दिलं होतं, परत मागायचं राहिलं होतं. त्याने तिकडून नजर काढली. कोपऱ्यात जुन्या साडीचं शिवलेलं आवरण घातलेला सेट होता. मंजुळाबाईंनी आवरण काढलं. धूळ नव्हती. रोज पुसत असणार. राखाडी पत्रा, डावीकडचं मोठं चाक, त्याचा रंग नथूच्या बोटांनी एका जागी घासला गेलेला. श्रीपादला सगळं विसरायला झालं. चोवीस वर्षांनी का होईना, हे आता माझं, एवढंच वाटलं, आणि तो आनंद इतका निर्लज्ज होता की त्याला खाली बघावं लागलं.

"तुमचाच आहे," मंजुळाबाई म्हणाल्या. "ते सांगून गेलेत. साहेबांनाच द्या, दुसऱ्याला कळायचा नाही."

आतून मुलगा चहा घेऊन आला. पंचशील, सव्वीस-सत्तावीसचा, चष्मा लावलेला. श्रीपादच्या मनात तो अजून शाळेत जाणारा पोरगाच होता, आता काय करतो ते त्याने कधी विचारलंच नव्हतं. "नमस्ते काका," तो म्हणाला. बाप साहेब म्हणायचा. हा काका म्हणाला, आणि समोरच्या खुर्चीवर बसला. श्रीपादला तेही टोचलं. कुठे टोचलं त्याकडे त्याने बघितलं नाही.

"काका, एक विचारायचं होतं," पंचशील म्हणाला. "बाबांच्या नावाचं काही कार्ड आलं का तुमच्याकडे?"

श्रीपादने कप तोंडाशी नेला. "कसलं कार्ड?"

"शेवटी शेवटी त्यांना एक स्टेशन लागलं होतं. पहाटे. कुठलं तरी बेट. इतके खूश झाले ना, की उठून बसले. मी म्हटलं, मी लिहून देतो पत्र. तर म्हणाले, नाही. साहेबांची नक्कल आहे वहीत, त्याच्यावरून मीच उतरवतो. चार दिवस उतरवत होते एकेक अक्षर. नाव तेवढं स्वतःचं टाकलं."

"पत्ता तुमचाच राहू दिला," मंजुळाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, आपला टाका. तर म्हणाले, कार्ड त्याच पत्त्यावर येतं. दुसऱ्या पत्त्यावर कसं येईल."

"तुम्हाला सांगणार होते," पंचशील म्हणाला. "म्हणायचे, कार्ड आलं की साहेब स्वतःच घेऊन येतील. त्यांना हे पाहिजे होतं इतकी वर्षं, बघून चाट पडतील. पण त्याच्या आतच..." त्याने कपाची दांडी फिरवली. "तर आलं का?"

हात वर न्यायचा, खिशात घालायचा, कार्ड काढायचं. दोन सेकंदांचं काम. कार्डाचा कोपरा त्या क्षणीही छातीला लागत होता. पण ते कार्ड या भिंतीवर, त्या कात्रणाच्या शेजारी लागलं असतं. आणि मग जो येईल तो दोन्ही वाचेल. विचारेल, की यांच्या नावाने येऊ शकत होतं तर बाकीची तीनशे बारा कुणाच्या नावाने आली? श्रीपादला ही माणसं एकदम शत्रू वाटली. चहा पाजून, सेट पुसून ठेवून, काका काका म्हणून त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं होतं. "नाही," तो म्हणाला. "काही आलं नाही."

दोघांचे चेहरे पडले. त्यात संशय नव्हता, नुसता पडलेला चेहरा होता, आणि तेच त्याला सहन झालं नाही. "अशी लहान स्टेशनं उत्तर देत नाहीत पुष्कळदा," तो म्हणाला. "फालतू कारभार असतो."

"मग असं करा ना काका," पंचशील उठला, कपाटातून वही आणि कोरे कागद घेऊन आला. "एक स्मरणपत्र लिहून द्या. बाबा म्हणायचे, साहेबांसारखं इंग्रजी इंदुरात कुणाचं नाही. तारीख, वेळ सगळं यात आहे. पत्ता मात्र आता इथला टाकू."

"कँटोन्मेंटमध्ये परदेशी टपालाची..." श्रीपादच्या तोंडून सवयीने निघालं.

"मी पोस्टातच आहे काका," पंचशील म्हणाला. "सॉर्टिंगला. सहा वर्षं झाली. असं काही नसतं."

"एकाहत्तर साली होतं."

"असेल तेव्हा," पंचशील म्हणाला आणि पेन पुढे केलं.

श्रीपाद त्याच मेजावर बसला. नथू उजवीकडे बसायचा, तिथे आता मंजुळाबाई येऊन बसल्या. त्याने लिहायला सुरुवात केली आणि, नवल म्हणजे, मन लागलं. अमुक तारखेला, अमुक वेळी, आपलं प्रसारण अशा अशा स्पष्टतेने ऐकलं. वहीत नथूच्या मोडक्या मराठीत लिहिलं होतं: बाया गातात, मध्ये ढोल, मग माणूस नाव सांगतो, मग लाटेसारखी खरखर. श्रीपाद ते इंग्रजीत उतरवू लागला. लिहिता लिहिता त्याला त्या बाया ऐकू आल्यासारख्या वाटल्या, ढोल ऐकू आला. अक्षर सरळ, गोल, एकाही शब्दाला खोड नाही. खिशात जे कार्ड आहे तेच मिळावं म्हणून तो पत्र लिहीत होता, आणि पत्र चांगलं होत होतं. शेवटची ओळ झाली, खाली जागा सोडली, आणि हात थांबला नाही, वळणदार सही करून मोकळा झाला. एस. व्ही. खांडवेकर.

पंचशील वही आवरत होता, त्याने पाहिलं नाही. मंजुळाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि मग बोट न लावता, थोडं वरूनच, सहीकडे दाखवलं. "हे तुमचं नाव ना साहेब?"

श्रीपादने पेनाला टोपण लावलं.

"पाकीट मीच चिकटवायची ना," त्या म्हणाल्या. "दरवेळी मागच्या बाजूला हाच आकार असायचा. मी यांना विचारलं होतं एकदा, हे काय लिहिलेलं असतं. तर म्हणाले, आपल्या दोघांचं नाव आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी गठ्ठ्यातला कोरा कागद काढून त्याच्या पुढ्यात सरकवला. "दुसरा घ्या."

त्याने दुसऱ्यांदा सगळं लिहिलं. मान वर केली नाही. मागे घड्याळाची टिकटिक, बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. सही पंचशीलने केली, बापाच्या नावाआधी 'लेट' लिहून, आणि कागद घडी करून खिशात टाकला. "उद्या सकाळच्या थैलीत जाईल," तो म्हणाला. श्रीपादला वाटलं, आता हे म्हणतील की सेट ठेवा इथेच. म्हणायलाच पाहिजे. कुणीही म्हणालं असतं. मग त्यालाही ओरडता आलं असतं, की चोवीस वर्षं मी दर रविवारी येत होतो, माझ्या पैशाची तिकिटं, माझं इंग्रजी, माझं आयुष्य. आणि हे ओरडायची त्याला भूक लागली होती. पण पंचशीलने सेट चादरीत बांधला, गाठी पक्क्या आहेत की नाही ते ओढून पाहिलं, श्रीपादला एक कड धरायला लावून तो स्कूटरवर पुढे चढवला, बस स्टँडपर्यंत आला, कंडक्टरला हाताशी घेऊन सीटखाली नीट ठेवला. "काका, वरचं झाकण सैल आहे, सांभाळून," म्हणाला आणि गेला. बस सुटली. श्रीपादने आयुष्यात इतका द्वेष कुणाचा केला नव्हता.

घरी पोचायला दीड वाजला, रिक्षावाल्याने सेट दारापर्यंत आणायला हात लावला. यमुनेने दार उघडलं, बांधलेल्या चादरीकडे पाहिलं. "दिलं कार्ड?"

"दिलं."

"खूश झाले असतील."

"झाले." तो सेट ओढत आतल्या खोलीत घेऊन गेला आणि दार लोटलं.

त्याने चादर सोडली नाही. खिशातलं कार्ड काढून मेजावर ठेवलं आणि डोकं धरून बसला. पत्र बेटावर पोचायला महिना, उत्तराला महिना. बेटवाले लिहिणार, की कार्ड तर फेब्रुवारीतच पाठवलं, मार्फत खांडवेकर. ते उत्तर महूच्या पोस्टात येणार आणि पंचशीलच्या हातूनच खान्यात पडणार. दोन महिने. तोवर नवा उपाय नको होता का? होता की, आणि अगदी सोपा. पुढच्या रविवारी जायचं, म्हणायचं, बघा, पत्र टाकलं आणि कार्ड आलंच, कालच आलं. श्रीपादला हायसं वाटलं. तो जरा हसलाही. मग त्याने कार्ड उजेडात धरलं आणि कोपऱ्यातला काळा गोल शिक्का वाचला. सुदामा नगर पोस्ट ऑफिस, वाटपाची तारीख, गुरुवारची. घरातल्या कुणाला ती दिसली नसती. सॉर्टिंगमधल्या माणसाला ती सगळ्यात आधी दिसणार होती. त्याचे डोळे त्याच जागेवर जायला शिकलेले असतात.

काम कठीण नव्हतं. कपाटात स्पिरिट होतं, कापूस होता, हात स्थिर होता. रेडिओचा नाद लागलेल्या नव्या पोरांना तो नेहमी सांगायचा, की जुन्या डायलच्या काचेला स्पिरिट लावू नका, गावांची नावं उतरतात. पोस्टाची शाई मात्र तेलकट असते, ती काही सहज निघत नाही. हे सगळं त्याला माहीत होतं. त्याने काडीला कापूस गुंडाळला आणि शिक्क्याच्या कडेवर हलकेच फिरवला. शिक्का फिका झाला नाही. जरा जास्त स्पिरिट घेतलं. थेंब कार्डाच्या उतारावरून सरकला आणि निळ्या शाईपर्यंत गेला. त्याने टिपकागद दाबला, उचलला. टिपकागदावर निळा डाग होता, उलटा, वाचता येईल असा. कार्डावर स्टेशनाचं नाव होतं, तारीख होती, मीटर बँड होता, मार्फत खांडवेकर होतं, गुरुवारचा शिक्का होता. श्री. च्या पुढे काही नव्हतं.

तो बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. एवढ्या जागेत कुठलंही नाव मावलं असतं. आल्बममध्ये या बेटासाठी ठेवलेलं पान अजून कोरं होतं, तेही त्याला आठवलं, नाही असं नाही. बाहेर यमुनेचा टीव्ही टाळ्या वाजवत होता. नथू, तू मला सांगायला पाहिजे होतंस, तो मोठ्याने म्हणाला. त्या रविवारी मी पाऊण तास बसलो होतो. मग त्याला रडू आलं, रागाचंच, पण थांबेना. बाहीने तोंड पुसून त्याने कार्ड फुंकून वाळवलं, निळ्या शाईचं पेन शोधलं, झाकण काढलं, आणि त्या जागेवर लिहिलं: नथू एस. साळवे. अक्षर सरळ, गोल, सुरेख आलं होतं, मंजुळाबाईंनी दारातून पाहूनही कुणाचं ते ओळखलं असतं.